तासभर आधी

हेडमास्तर स्टुलावर चढले आणि त्यांनी शाळेच्या घड्याळाचा काटा एक तास पुढे नेला. घड्याळात दहा वाजले होते, ते अकरा झाले. टोले पडले. हेडमास्तर उतरले, त्यांनी हात पुसले आणि मला घंटा द्यायला सांगितले.

लढाई सुरू होऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. सगळ्या देशातली घड्याळे तासभर पुढे करायची असा कागद तालुक्याहून आला होता. का करायची, ते कागदात असले तरी आम्हाला नीट कळले नाही. त्या दिवशी अर्धी मुले उशिरा आली. खरे पाहता त्यांना उशीर झालाच नव्हता. ती रोजच्याच उन्हात घरून निघाली होती आणि रोजच्याच उन्हात शाळेच्या पायरीवर पोचली होती. तरी हेडमास्तरांनी त्यांना ओळीने उभे केले, आणि मी हजेरीच्या पटावर त्यांच्या नावांपुढे खुणा केल्या.

गावाने हा बदल मनावर घेतला नाही. मंगरूळपासून चार कोसांवरचे आमचे गाव. बैलांना घड्याळ कळत नाही, आणि बैलांना जे कळत नाही त्यावाचून गावाचे काही अडत नाही. लोक आमच्या घड्याळाला सरकारी टाइम म्हणू लागले. कुणी वेळ विचारली आणि मी सांगितली, की लगेच पुढचा प्रश्न यायचा, "सरकारी का खरा?"

आता पुन्हा कार्तिक लागला आहे. सकाळी खिडकीतून पाहिले की पाटलाच्या वावरातला कापूस फुटलेला दिसतो, पऱ्हाटीची पाने तांबूस झालेली दिसतात, मधल्या ओळींतल्या तुरीला पिवळा फुलोरा असतो. वाऱ्याला थोडा गारवा असतो आणि त्यात कापसाच्या पानांचा तो तुरट, तेलकट वास असतो. इतर ऋतू मी काढतो. पावसाळ्यात शाळा गळते, तिच्यामागे दिवस जातात. उन्हाळ्यात परीक्षा असतात. कापूस फुटला की मात्र माझे वाचनात लक्ष लागत नाही. पुस्तक मांडीवर उघडे राहते आणि मी पान उलटायचे विसरतो.

गिरजा, माझी बायको, वेचायला जायची. आमची जमीन थोडी, ती थोरले भाऊ पाहत. पण वेचणीला घरची माणसे पुरत नाहीत आणि मजूर लावायची ऐपत नव्हती. म्हणून पाच घरच्या पाच बायांनी सावड केली होती. आज हिच्या वावरात, उद्या तिच्या. पाचही जणींनी मिळून एकेकीचा कापूस वेचायचा आणि कुणी कुणाला काही द्यायचे नाही. दिवसाला दिवस फिटे.

सावडीत सरूबाई थोरली. पन्नाशीची, विधवा, आवाज भरदार. तिच्यानंतर कौसा, तिला तेव्हा चार महिन्यांचे मूल होते. मग दोघी सख्ख्या जावा. त्या एकमेकींशी तीन वर्षे बोलत नव्हत्या, पण पात मात्र शेजारशेजारचीच धरायच्या. पात म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याच्या ओळी. एकीची पात मागे राहिली तर दुसरी न बोलता हात लांबवून तिची दोन झाडे वेचून देई, आणि पुन्हा तोंड फिरवी. पाचवी गिरजा.

त्यांचा दिवस कसा चाले ते मला तिच्याकडून कळे. मी माणूस घंटेवर जगणारा. चाळीस मिनिटांनी गणित, चाळीस मिनिटांनी वाचन. त्यामुळे मला त्याचे नवल वाटे. सकाळी दव उतरले की निघायचे. दुपार कौसाच्या पान्ह्यावर ठरायची. बाळ धुऱ्यावरच्या, म्हणजे वावराच्या बांधावरच्या, बाभळीला बांधलेल्या झोळीत असे. ते रडले तर त्याची भूक खरी की खोटी सांगता येत नाही, असे सरूबाईचे मत. पण कौसाची चोळी ओली झाली की सरूबाई कापूस भरायची कमरेची ओटी सोडायची आणि म्हणायची, "चाला व, दुपार झाली." मग पाचही जणी बाभळीखाली बसत. भाकर, मिरचीचा ठेचा, एखादा कांदा. कौसा पाजत असे तोवर कुणी उठत नसे. बाळाने पोटभर पिऊन मान टाकली की दुपार संपे. ढगाळ दिवशीसुद्धा त्यांची दुपार चुकत नसे.

गुरुवारी सरूबाई दर्ग्याला मंगरूळला जायची. त्या दिवशी चौघी तिची पात आपसांत वाटून घेत. त्यात हिशोब नव्हता. एकदा गिरजेने तिला म्हटले, की आत्या, तुमचे गुरुवार पुष्कळ झाले. सरूबाई म्हणाली, "होऊ दे व. तुये संध्याकायचे नाही झाले काय?"

ते संध्याकाळचे प्रकरण असे होते.

आमच्या घरात आई, थोरले भाऊ, वहिनी, त्यांची मुले. वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोने बोलायचे नाही ही रीत, आणि घर एवढे लहान की कुणी ना कुणी समोर असेच. गिरजा मला ताट वाढी ते वहिनीच्या हातून. मला काही सांगायचे असले तर ती भावाच्या मुलीकडे पाहून सांगे आणि मी त्या मुलीलाच उत्तर देई. लग्नाला पाच वर्षे झाली होती. मूलबाळ नव्हते. दिवसाउजेडी तिचा चेहरा मी किती वेळा नीट पाहिला असेन, मला सांगता यायचे नाही.

पण शाळा पाचला सुटे. वेचणाऱ्या बायाही त्याच सुमाराला वावरातून उठत, आणि वावरांची वाट नाल्यावरून गावाकडे येते. मी शाळेतून निघून, फिरायला जातो असे दाखवीत नाल्यापर्यंत जाई. त्याच वेळी त्या पाच जणी डोक्यावर कापसाची गाठोडी घेऊन नाल्यात उतरत. मग मी मागे वळून गावाकडे चालू लागे. गिरजा माझ्यामागे दहा पावलांवर. बाकीच्या चौघी नाल्यातच राहत आणि पाय धूत बसत. माणसाला दोन पाय असतात. ते धुवायला इतका वेळ लागत नाही. पण आम्ही गावाच्या वेशीला पोचून वेगळे होईपर्यंत त्या चौघी पाय धूत असत.

नाल्यापासून वेशीपर्यंत पाऊण मैल. तेवढा आमचा संसार.

मी पुढे पाहून बोले, ती माझ्या पाठीशी बोले. कुणी समोरून आले तर आम्ही गप्प होत असू आणि तो गेला की तुटलेले वाक्य तिथूनच पुढे सुरू होई. ती मला वावरातले सांगे. जावांपैकी धाकटी आज चुकून थोरलीला हसली, मग दिवसभर पस्तावली. कौसाच्या बाळाला दात येतो आहे. मी तिला वाचलेले सांगे. मंगरूळच्या वाचनालयातून मी पुस्तके आणी, त्यांतली गोष्ट थोडी थोडी करून सांगे. दुसऱ्या दिवशी ती तीच गोष्ट वावरात बायांना सांगायची, आणि संध्याकाळी बायांचे म्हणणे माझ्या पाठीपर्यंत पोचायचे. एका गोष्टीत राजा आठ दिवस विरहाने झुरतो. सरूबाईने निरोप पाठवला होता, "मास्तरले इचार, त्या राजाले वावर नव्हतं काय? निंदाले गेला असता तं रडाले टाइम भेटला नसता." मी वाटेत उभा राहून हसलो होतो. मागे तीही हसत होती. तिचे हसणे मला पाठीवर कळे. अंगावर ऊन पडते तसे ते वाटे, असे मी तेव्हा वहीत लिहून ठेवले होते. आज ते वाक्य मला बरे वाटत नाही. पण खोडवतही नाही.

घड्याळ पुढे गेले आणि शाळा सरकारी पाचला, म्हणजे उन्हाच्या चारला, सुटू लागली.

पहिल्या दिवशी मी नाल्यावर गेलो तेव्हा तिथे कुणी नव्हते. भादव्याचे ऊन पाण्यावर होते. मी पुस्तक उघडून काठावरच्या दगडावर बसलो. तासाभराने बाया आल्या. तेव्हा निंदणाचे दिवस होते, हातांत विळे होते. सरूबाई मला पाहून म्हणाली, आज मास्तर लवकर पिकला. सगळ्या हसल्या, मीही हसलो. चार दिवस असेच गेले. मग गुरे घेऊन जाणारे गुराखी मला रोज पाहू लागले. बैलगाडीवाले थांबून विचारू लागले, की मास्तर, कुणाची वाट पाहता. एक दिवस पाटील घोड्यावरून चालले होते. त्यांनी घोडा थांबवला आणि चार माणसांदेखत विचारले, "काय मास्तर, शाळा सुटली का नोकरीच सुटली?"

ते विनोद करीत होते. तेवढे मलाही कळत होते. तरी माझे कान तापले. गावात शिकलेली माणसे तीन, त्यांतला मी एक, आणि रोज तासभर नाल्यावर बायकोची वाट पाहत दगडावर बसतो, हे आता गावभर होणार असे मला वाटले. नाल्यावरून घरी जाऊन पुन्हा यायचे तर आई विचारणार, आता कुठे चाललास.

त्या संध्याकाळी चालता चालता मी गिरजेला म्हणालो, की तू तासभर आधी निघत जा.

मला मागून फक्त तिच्या पायांचा आवाज ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "बायांले काय सांगू?"

"सांग, टाइम बदलला म्हणून."

"त्याईचा नाही बदलला."

मी म्हणालो की मग मला नाल्यावर यायला जमणार नाही. हे मी शांतपणे म्हणालो. शाळेत मुलांना सांगतो तसे, आवाज न चढवता.

मी शाळेतच तासभर बसू शकलो असतो. ही गोष्ट मला ती गेल्यावर सुचली. हेडमास्तर शाळेला कुलूप लावून किल्ली घरी नेत. ती मी मागितली असती तर त्यांनी आनंदाने दिली असती. बाकावर बसून वाचायला मला तासभर मिळाला असता, आणि मी उन्हाच्या पाचला निघून नाल्यावर पोचलो असतो. इतके सोपे होते. मी गणित शिकवतो, आणि हे गणित मला आले नाही. मला वाटले, वेळ बदलली आहे ती सरकारची आहे, तेव्हा बदलायचे ते बाकीच्यांनी.

दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली. पहिल्या दिवशी सीतादही केली. पाचही जणी वावराच्या कडेला बसल्या, दहीभात शिंपडला, कापसाच्या झाडाला कुंकू लावले. त्याच दिवशी गिरजेने बायांना सांगितले. सरूबाईने फार काही विचारले नाही. ती म्हणाली, उठायचे तर ऊठ, तुझी उरलेली पात आम्ही चौघी ओढून घेऊ. खरोखर त्यांनी घेतलीही असती. गुरुवारी घेतच होत्या. पण गिरजेला ते पटले नाही. सरूबाई दर्ग्याला जाते, कौसाला लेकरू आहे, आपण मात्र नवऱ्याबरोबर चालायला मिळावे म्हणून दुसऱ्यांच्या अंगावर काम टाकायचे, याची तिला लाज वाटली. तिने मला तसे सांगितलेही. "त्याईच्या अंगावर माया येळ कायले टाकू? मी सकायी लवकर जाईन. माई पात मीच सारीन."

मी बरे म्हणालो.

मग ती दिवस उगवायच्या सुमाराला एकटी वावरात जाऊ लागली. दव असे. ओला कापूस गाठोड्यात बांधला तर पिवळा पडतो, म्हणून ती वेचलेला कापूस लुगड्याच्या जुन्या धडप्यावर धुऱ्यावर पसरून ठेवी. बाया त्यांच्या वेळेला येत तेव्हा तो वाळत असे. तिच्या नखांच्या कडा बोंडांच्या टोकांनी चिरत, आणि गार दवात त्या जास्त चिरत. रात्री ती चुलीपाशी बसून बोटांना तेल लावी. मी ते पाहत असे. बोलायची सोय नव्हतीच.

संध्याकाळी, म्हणजे सरकारी पाचला, ती एकटी नाल्यावर येई आणि आम्ही चालू लागत असू. माझ्या मनासारखे झाले होते. पण चारचे ऊन वेगळे असते. त्या वेळी वाट वाहती असते. बाजाराच्या गाड्या, ज्वारीचे कडबे, गुरे. पायांशी पाणी खळखळवत मागे थांबलेल्या चार बाया आता नव्हत्या, तेव्हा आम्ही दोघेच उघड्यावर दिसत असू. दहा पावलांची पंचवीस पावले झाली. एवढ्या अंतरावरून बोलायचे तर ओरडावे लागते. आणि एक गोष्ट मला तेव्हाच कळली. दिवसभर वाकून काम करताना बाया फार बोलत नाहीत. ऊन कलले, पात संपत आली, की त्या शेवटच्या तासात बोलतात. गिरजा तो तास सोडून येत होती. तिच्याजवळ मला सांगायला काही उरले नव्हते. मी विचारी, आज काय झाले वावरात, तर ती म्हणे, "काही नाही. वेचला."

मी सांगत असलेली गोष्टही मधेच राहिली. ती दमलेली असे, ऐकता ऐकता जांभई देई. एकदा मी जरा रागावून म्हणालो की तुला यात गोडी उरली नाही. ती म्हणाली, "आहे ना. सांगा तुमी. मी आयकून राह्यली."

तिने पुन्हा जुन्या वेळेला यायचे असे मीच सांगायला हवे होते. दोनदा मनात आले. पण आपणच केलेली व्यवस्था आपणच मोडायची म्हणजे आपले चुकले हे कबूल करायचे. ते मी पुढच्या आठवड्यावर टाकले.

त्या दिवशी पाळी सरूबाईच्या वावराची होती. पहाटे दाराची कडी वाजली ती मी ऐकली. गार होते. मी कूस बदलली. उठलो तेव्हा टोपलीत भाकरी झाकून ठेवलेल्या होत्या, दोन माझ्या वाटणीच्या वेगळ्या, फडक्यात. मी अंघोळ केली, वर्तमानपत्र वाचले, त्या भाकरी खाल्ल्या. मी खात होतो तेव्हा ती पऱ्हाटीच्या ओळीत पडलेली होती. हा हिशोब मी नंतर केला. तो बरोबर आहे.

मुले प्रार्थनेला उभी होती. सरूबाई शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. ती कधी शाळेत आली नव्हती. तिने पायरीवर पाय ठेवला नाही.

"मास्तर, चाला."

मी विचारले, काय झाले.

"गिरजाले पान लागलं."

साप चावला असे आमच्याकडे कुणी म्हणत नाही. पान लागले म्हणतात.

बाया नेहमीच्या वेळेला वावरात आल्या होत्या. धुऱ्यावर धडप्यावर पसरलेला कापूस दिसला, म्हणून त्यांना वाटले की गिरजा पाण्याला गेली असेल. त्यांनी आपापल्या पाती धरल्या. जावांपैकी थोरलीची पात गिरजेच्या पातीला लागून होती. पंधरा-वीस झाडे पुढे गेल्यावर तिला पाय दिसला. गिरजेने ओटीची पट्टी फाडून घोट्याच्या वर स्वतःच बांधली होती. गाठ चांगली होती. ती धुऱ्याच्या दिशेने थोडी सरपटलीही होती. एका गुराख्याने पुढे सांगितले की सकाळी त्या बाजूने हाक ऐकू आली होती. वेचणाऱ्या बाया एकमेकींना हाका मारतात तशीच वाटली, म्हणून तो आपल्या वाटेने गेला. वेचणाऱ्या बाया तेव्हा आपापल्या घरी चूल पेटवत होत्या. त्यांची वेळ झाली नव्हती.

भावाने गाडी जुंपली. मंगरूळच्या दवाखान्यात न्यायचे ठरले. गाडीत सरूबाईने तिचे डोके मांडीवर घेतले होते. मी पायांशी बसलो होतो. तिचे डोळे अर्धे उघडे होते. तिने मला पाहिले की नाही, मला सांगता येत नाही. दोन कोस गेल्यावर सरूबाईने भावाला गाडी हळू घ्यायला सांगितले. का सांगितले ते आम्हा तिघांनाही कळले. तरी पुढे थोडे अंतर आम्ही मंगरूळच्याच दिशेने गेलो. गाडी वळवा असे कुणी म्हणत नव्हते.

सावडीच्या पाचांच्या चार झाल्या. त्या हंगामात आमच्या वावरातला कापूस त्या चौघींनीच वेचला. आमच्या घरून त्यांच्या वावरात कुणी जात नव्हते, वहिनीला लहान मूल होते. दिवसाला दिवस फिटला नाही. भाऊ दोनदा सरूबाईकडे बोलायला गेले आणि दोनदा तिने विषय बदलला.

लढाई संपली तेव्हा पुन्हा कागद आला. घड्याळे तासभर मागे करा. टोल्यांच्या घड्याळाचा काटा मागे फिरवत नाहीत, यंत्र बिघडते. म्हणून हेडमास्तरांनी लोलक हाताने थांबवला आणि म्हणाले, तासभर असेच बसू, मग चालू करू. त्या दिवशी मुलांना सुटी होती. आम्ही दोघे शाळेत बसून राहिलो. ते तंबाखू मळत होते. मधेच म्हणाले, "चला मास्तर, सरकारनं घेतलेला तास परत दिला." ते हसले. त्या तासाचे माझ्याशी काय होते, ते त्यांना ठाऊक नव्हते. मी बाकावर बसून होतो. तो तास फार मोठा होता. बाहेर कुणाच्या तरी गाडीची चाके वाजली, एक चिमणी तुळईवर येऊन बसली, उठली, पुन्हा बसली. माझ्यापाशी वाचायला पुस्तक होते. मी ते उघडले नाही.

तेव्हापासून शाळा पुन्हा उन्हाच्या पाचला सुटते. बायाही त्याच वेळेला उठतात. मी त्या वाटेला जात नाही. शाळेच्या मागून, गुरे जमतात त्या गोठाणावरून घरी येतो.

यंदा एकदा नाइलाजाने जावे लागले. नाल्यापलीकडच्या वस्तीत पटनोंदणीचे काम होते, ते उरकून परतताना उशीर झाला. नाल्यात चौघी उतरल्या होत्या. कौसाचे मूल आता मोठे झाले आहे, पुढे धावते. जावा आता बोलतात. त्या दिवसापासूनच बोलू लागल्या असे ऐकले आहे. मला पाहून तिघी पुढे निघाल्या. सरूबाई मागे राहिली. तिचे गाठोडे लहान होते, वयाने आता फार उचलत नाही. ती काही वेळ माझ्याबरोबर चालली. मागे नाही, शेजारून. म्हाताऱ्या बाईला ते चालते.

मी तिला म्हणालो, की आत्या, त्या दिवसांत तिला तासभर आधी मीच बोलवत होतो.

ती म्हणाली, "मालूम हाये."

"घरी कुणाला माहीत नाही."

"आमी चौघी हाओ ना. कोनी इचारलं नाही, आमी सांगतलं नाही."

मी म्हणालो, सांगायला पाहिजे होते.

सरूबाई थांबली. गाठोडे तिने दुसऱ्या बाजूला घेतले. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "थे आमी कायले सांगू, मास्तर? थे तुमचं सांगाचं हाये."

वेशीपाशी ती तिच्या गल्लीला वळली.

मी घरी आलो. आई ओसरीवर होती, शेजारची नवी सून भेटायला आली होती. आई तिला गिरजेचे सांगत होती. आमच्या घरी नवी बाई आली की ती हे सांगतेच. आमची सून कष्टाळू होती, म्हणत होती, कुणाला सांगावे लागत नसे, सगळ्या बायांच्या आधी वावरात जायची, जीव गेला तो कामाच्या हौसेपायी. ती सून मान हलवीत ऐकत होती. आईने माझ्याकडे पाहून विचारले, "होय ना रे?"

मी हो म्हणालो. आई हे सगळ्यांना सांगते, आणि दर वेळी मी हो म्हणतो.